बहार धरण्याआधी

पौषात बदनापूरच्या आसपासच्या मोसंबीच्या बागा बघवत नाहीत. पानं मलूल झालेली, काही पिवळी पडून आळ्यात गळलेली, माती तडकलेली, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधाला टाकलेल्या. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेला परका माणूस गाडीच्या काचेतून हे बघतो आणि हळहळतो, की या भागात पाण्याचे फारच हाल दिसतात. हाल असतात, नाही असं नाही. पण पौषात पुष्कळ विहिरींना पाणी असतं. मालकानंच ते झाडांचं तोडलेलं असतं. झाड ताणावर सोडलंय, असं तो सांगतो, आणि सांगताना त्याच्या आवाजात काळजी नसते, हिशेब असतो.

मोसंबीचं झाड नुसतं पाजत राहिलं तर ते पालवत राहतं. हिरवंगार दिसतं, पण फुलायचं नाव घेत नाही. पाणी तोडलं की वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न नव्या पालवीवर खर्च न होता फांद्यांत साठतं, आणि मग पाणी मिळालं की डोळ्यांतून पानांऐवजी कळ्या बाहेर पडतात. हलक्या जमिनीत महिनाभर ताण पुरतो, आमच्या भारी काळ्या रानात दीड-दोन महिनेही लागतात, कारण ही माती ओल लवकर सोडत नाही. जून-जुलैत फुलवायचं तर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त, जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार. कुठला धरायचा ते विहीर ठरवते. उन्हाळाभर फळं पोसायला पाणी पुरणार असेल तर आंबे, नसेल तर मृग. हस्ताचं काही खरं नसतं. त्याचा ताण द्यायचा तो ऐन पावसाळ्यात, आणि पाऊस कोणाच्या हिशेबानं उघडीप देत नाही.

एवढं शेतीचं सांगितलं, ते माझ्या अंगणासाठी. घराच्या पूर्वेला माझा मोगरा आहे, आणि तोही सध्या ताणावर आहे.

मोगऱ्याचं पाणी मी मार्गशीर्षातच बंद करते. बारीक पानं गळू लागली की उरलेली हातानं ओरबाडून काढते, वाळक्या काड्या आणि वेड्यावाकड्या फांद्या कात्रीनं उतरवते, आणि मग जे उरतं ते कोणाला दाखवण्यासारखं नसतं. करड्या काड्यांचं एक भुंडं झुडूप. बुडाजवळची माती खुरप्यानं मोकळी करून आठवडाभर उन्हं खाऊ द्यायची, मग कुजलेलं शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. तेही एकदम बादलीभर नाही. मोसंबीवाले पहिल्या हलक्या पाण्याला आंबवणी म्हणतात, नंतरच्याला चिंबवणी, आणि मग कुठे भरपूर पाणी. ताणलेल्या झाडाला एकाएकी पोटभर पाजलं तर आलेली कळीसुद्धा गळते. मोगऱ्यालाही मी तांब्यानंच सुरुवात करते. काही दिवसांनी कापलेल्या टोकाखाली समोरासमोर दोन पोपटी ठिपके दिसतात. त्यांच्या फांद्या होतात, फांदीच्या टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुबका येतो, आणि त्यातली मधली कळी आधी फुगते. ती फुगली की आता चैत्र लांब नाही असं समजायचं.

शेजारी एक मोसंबीवाले काका आहेत. त्यांनी हे सगळं कुंपणापलीकडून पाहिलेलं आहे. एकदा म्हणाले, "बाई, एवढी निगा झाडाला देता, तर मग निंबोणी लावायची ना. हे शोभेचं कामून?" मी म्हटलं, "काका, गजरा होतो." तर म्हणाले, "तुमी तर गजरा लावीत नाहीत." खरं आहे. मी गजरा लावत नाही. कळ्या बहुतेक गल्लीतल्या मुलींना जातात, थोड्या देवाला, थोड्या माठात.

काकांचा प्रश्न इथे कोणीही विचारील. बदनापूरची ओळख फुलांची नाही. इथलं कृषी संशोधन केंद्र कडधान्यांचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या तुरीच्या वाणांवर जी बीडीएन अक्षरं असतात, बीडीएन-७११, बीडीएन-७१६, ती आमच्या गावाच्या नावाची. बियाण्याच्या पिशवीवर बसून गावाचं नाव पार लांबच्या शिवारांत पोचलं आहे. अशा गावात शोभेचं झाड म्हणजे थोडं लाडावलेलं पोर. तरी विहिरीच्या काठाला कण्हेर किंवा जास्वंद नाही असा मळा मला सहसा दिसलेला नाही. पूजेला लागतं म्हणून, असं कारण सांगतात. मला ते निमित्त वाटतं. रोज दोन फुलं पुरतात त्या देवासाठी कोणी एवढं मोठं झाड वाढवत नाही.

आणि शेतकरी ज्याला शोभेचं म्हणत नाही, ते किती शोभेचं असतं! कपाशीचं फूल घ्या. ती जास्वंदीच्याच कुळातली, भेंडी आणि अंबाडीही त्यातलीच. सकाळी उमललेलं फूल दुधाळ पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होऊन मिटतं. एकाच झाडावर कालचं आणि आजचं फूल रंगावरून ओळखू येतं. असं झाड कुंडीत घालून नर्सरीत ठेवलं असतं तर लोकांनी पैसे मोजून नेलं असतं. एकरांनी उभं आहे म्हणून कोणी बघत नाही. मोसंबीचंही तेच. माघात आंबे बहार फुटतो तेव्हा संध्याकाळी मळ्यांच्या बाजूनं येणारा वास गावात शिरतो. पांढरी, जाडसर पाकळ्यांची फुलं, त्यांवर मधमाश्यांची झुंबड. त्या पंधरवड्यात बदनापुरातली सगळ्यात मोठी फुलबाग कोणाची, तर काकांची. ते मात्र फुलं बघत नाहीत, सेटिंग बघतात, म्हणजे फळं किती धरली ते.

हिवाळा हा आमच्याकडचा कुंड्यांचा खरा हंगाम. पुस्तकं आणि मासिकं पावसाळ्याचे गोडवे गातात, पण ती पुष्कळदा पुण्या-मुंबईकडून येतात. साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या प्रदेशात बाग डोळ्यांत भरते ती पाऊस संपल्यावर. दसऱ्याला झेंडू, मग शेवंती. ही शेवंती मोठी हिशेबी बाई आहे. तिला खत कमी-जास्त झालेलं चालतं, पण रात्र मोजूनच हवी. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय ती कळी धरत नाही. तूरही तशीच, रात्र लांबल्यावर फुलणारी. म्हणजे शिवारात तुरीवर पिवळा फुलोरा येतो आणि कुंडीत शेवंती टोकाला गोळी धरते, ते एकाच घड्याळावर. फुलांची शेती करणारे लोक या स्वभावाचा फायदा घेतात. रात्री शेतात दिवे लावून शेवंतीला फसवतात आणि बाजारभाव बघून फुलवतात.

हे फसवणं नकळतही होतं. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन एकदा थांबून पाहावं. सगळं रान पिवळं होऊन पानं झडत असतात आणि दिव्याच्या उजेडाच्या गोलात मात्र तेवढंच सोयाबीन हिरवं, पाऊस अजून चालूच आहे अशा थाटात उभं. त्या झाडांना कोणी कळवलंच नाही की दिवस लहान झाले. आमच्या गल्लीत नवे पांढरेशुभ्र दिवे आल्यापासून फाटकाजवळची शेवंती मागे पडते आणि न्हाणीमागची, जिथे काळोख असतो तिथली, आधी फुलते. म्हणून हल्ली गणपती उठले की शेवंतीच्या कुंड्या मी मागच्या अंगणात नेते. ऋतू अनुभवायला झाडालासुद्धा थोडा अंधार लागतो, आणि गावातून तो झपाट्यानं कमी होतो आहे.

याच दिवसांत जालन्याला रस्त्याकडेला नर्सरीवाले बसतात. पिटुनिया, डेलिया, कलमी गुलाब, सगळं फुललेल्या अवस्थेत, काळ्या पिशव्यांत. यातला बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातलं ते गाव, पाण्याला तोटा नाही, हवेत ओलावा. ती रोपं आमच्या कोरड्या वाऱ्यात होळीपर्यंत निभली तर निभली. काही लोकांना याचा राग येतो, फसवलं म्हणतात. मला नाही येत. हंगामी फूल हंगामापुरतंच घ्यावं. बाजारातून आणलेल्या पिटुनियाला दोन महिने मनसोक्त बघायचं आणि वाळली की कुंडी उपडी करायची, यात वाईट काय? वाईट असलंच तर फाल्गुनात तिच्यावर रोज बादली ओतत बसण्यात आहे.

कारण फाल्गुनानंतर पाण्याची प्रत्येक बादली जाब विचारते.

उन्हाळ्यात काळ्या मातीची कुंडी फार लबाड होते. माती आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मधे बोट जाईल एवढी फट पडते. वरून पाणी घातलं की ते फटीतून सरळ खाली जातं, बुडाच्या भोकातून बाहेर येतं, आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं. प्रत्यक्षात मुळांचा गड्डा आत कोरडा ठणठणीत. पान करपतं, आपण आणखी पाणी घालतो, तेही वाहून जातं. उपाय साधा आहे: खुरप्यानं वरची माती फोडून फट बुजवायची आणि पाणी थांबत थांबत घालायचं. मुळात कुंडी भरतानाच मातीत वाळू, विटांचा चुरा आणि भरपूर शेणखत मिसळायचं. काळी माती कपाशीला आई असेल, कुंडीला नाही.

या दिवसांत ज्याचं कौतुक करावं ते झाड म्हणजे बोगनवेल. महामार्गाच्या दुभाजकात ती आणि कण्हेर का लावतात ते मे महिन्यात कळतं. दोघांनाही पाणी बेताचं लागतं आणि कण्हेर विषारी असल्यानं शेळी तोंड लावत नाही. बोगनवेल ब्राझीलकडची. तिचा रंग ज्यांचा, ती फुलं नसून पानांचे बदललेले अवतार आहेत. तीन रंगीत पानांच्या मधे दिवाळीच्या फुलबाजीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या नळ्या असतात, ती खरी फुलं. हिला रोज पाणी घातलं तर ती नुसते काटे आणि पानं वाढवते. पाणी विसरलं की पेटते. इथल्या नोकरदार, गावाला जाणाऱ्या, कुलूप लावून लग्नं करत फिरणाऱ्या घरांसाठी याहून समजूतदार झाड नाही. तिच्या सोबतीला चाफा. हिवाळ्यात पानं टाकून तो सांगाड्यासारखा उभा असतो आणि ऐन उन्हात त्याच्या बोडक्या टोकांवर फुलं येतात. सदाफुली तर फरशीच्या चिरेत उगवते. लावावी लागत नाही, उपटावी लागते.

आणि मोगरा. दुपारभर हिरवट वाटणारी कळी संध्याकाळी सहाच्या सुमाराला पांढरी होऊन टपोरते. बाहेर अंगणात हात लावला तर लोखंडी फाटक अजून तापलेलं असतं. अशा वेळी फाटकाजवळ उभं राहून ओंजळभर कळ्या खुडायला मिळणं, याचा हिशेब मला काकांना कधी नीट देता आलेला नाही. माघात काड्या कापताना मनात हीच संध्याकाळ असते. बागेच्या सुखातलं बरंचसं सुख असं आगाऊ उचललेलं असतं. उघड्या काडीकडे बघून कळी दिसायला लागली, की माणसाला मग भुंडी बागही उजाड वाटत नाही.

पावसाळ्यात सगळ्यात आधी लिलीची कळी निघते. पावसाळी लिलीचे कांदे उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून असतात, वर गवताच्या काडीएवढी खूणही नसते. मृगाचा एखादा दणका बसला की चार-सहा दिवसांत अंगणाच्या कडेनं गुलाबी ओळ उभी. नुसत्या नळाच्या पाण्यानं हे एवढं ठरल्यासारखं होत नाही, मी करून पाहिलेलं आहे. कोरड आणि मग एकदम पाऊस, असा जोडीनं प्रसाद मिळाला की ती खूष. म्हणजे ताण तिलाही लागतो, फक्त तो देणारं कोणी माणूस नसतं. गुलबक्षीही अशीच जमिनीखाली जाडजूड मुळाच्या रूपानं दबा धरून राहते. पाऊस पडला की फुटते, श्रावणात चार वाजल्यानंतर फुलते, आणि शाळेतून परतणाऱ्या पोरी तिच्या काळ्या बिया खिशात भरतात. तेरडा, गोकर्ण, सकाळचा प्राजक्ताचा सडा, सगळं यथास्थित होतं.

पण खरं सांगायचं तर पावसाळ्यात माझी झाडं जेवढी मरतात तेवढी उन्हाळ्यात मरत नाहीत. झड लागली की कुंडीतलं पाणी निघत नाही, मुळं गुदमरतात, शेवंतीची बुडं काळी पडतात. गोगलगायी रात्रीत झेंडूची रोपं फस्त करतात. उन्हानं मरणारं झाड आधी चार दिवस सांगतं, मान टाकतं, पान वळवतं. पाण्यानं मरणारं हिरवंगार असतानाच मरतं. बघणाऱ्यालाही वाटत राहतं की छान चाललंय.

बारमाही हिरवी बाग हवी असेल तर तिचा मार्ग आपल्या शेजारच्याच छत्रपती संभाजीनगरानं दाखवलेला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरानं हे शहर खडकी या नावानं वसवलं, डोंगरातलं पाणी भूमिगत नहरीनं शहरात आणलं, आणि पुढे शहराला आणखी नहरी मिळाल्या. पाणचक्कीच्या हौदात पडणारं पाणी त्याच विद्येचं. बीबी का मकबऱ्याभोवतीची चौरस बाग, तिचे पाट आणि कारंजी, हिमायतबागेचा विस्तार, हे सगळं त्या पाण्याच्या जोरावर. बादशाही बागेला ऋतू मान्य नसतो. वैशाखातही कारंजं उडालं पाहिजे, तरच ती बादशाही. हिमायतबागेत आता कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, आणि बादशाही बागेचं असं संशोधन केंद्र झालं हा बदल मला मनापासून आवडतो. तिथल्या जुन्या झाडांच्या सावलीत उभं राहिलं की अजूनही हेवा वाटतो. पण ज्याच्याकडे नहर नाही, त्यानं मकबऱ्यासारखी हिरवळ लावू नये. टँकरच्या पाण्यावर पोसलेली हिरवळ मी पाहिलेली आहे. तिच्यावर बसायला मन धजत नाही.

ताणाचं एवढं कौतुक केलं, तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ताणाशिवाय बहार नाही, हे वाक्य भाषणांत फार चालतं. निरोपसमारंभात, दहावीच्या मुलांपुढे, कोणाच्या घरी काही वाईट घडल्यावर समजूत घालताना. मी ते वाक्य वापरायचं सोडलं २०१३ साली. आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला होता. जालना जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात माणसांना टँकर, जनावरांना छावण्या, आणि मोसंबीला जे उरेल ते. लोकांनी विकतचं पाणी घालून बागा धरून ठेवायची शिकस्त केली. बायकांनी डोक्यावरून हंडे नेऊन बुडाशी ओतले. तरी दहा-बारा वर्षांची, ऐन भरातली झाडं उभ्याउभ्या वाळली, आणि मग त्यांच्यावर कुऱ्हाड चालली. पुष्कळ बागा सरपण होऊन गेल्या. त्या बागेत उभ्या असलेल्या माणसाला ताण आणि बहाराची गोष्ट सांगून पाहा.

मोसंबीवाला ताण देतो तेव्हा विहिरीला पाणी असतं. तो रोज सकाळी बागेत जातो, पान किती गळलं बघतो, माती उकरून ओल बघतो, आणि जास्त झालं असं वाटलं तर त्याच दिवशी पाणी सोडतो. ताण तोडायची तारीख त्याच्या हातात असते. दुष्काळात यातलं काहीच कोणाच्या हातात नसतं. दोन्हीकडे झाडाचं पान सारखंच पिवळं दिसतं, हाच घोटाळा. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि न कळता तो उपदेश करून मोकळा होतो. काकांची निम्मी बाग त्या वर्षी गेली. आता शेततळं झालं आहे, नवी झाडं धरती झाली आहेत, पण त्या वर्षाबद्दल ते बोलत नाहीत, आणि बोलले तर ताण हा शब्द वापरत नाहीत.

माझा जुना मोगराही तेव्हाच गेला. भाज्या धुतलेलं पाणी पुरेना, मग ते पाणीही भांडी विसळायला ठेवावं लागलं. कुंड्यांचा विचार करायचीसुद्धा लाज वाटावी असे ते दिवस होते, त्यामुळे त्याचं दुःख मी कोणाला सांगितलं नाही. कण्हेर तगली. बोगनवेल बुडापर्यंत वाळली आणि आषाढात बुडातूनच फुटली. सदाफुलीला काही झालंच नाही. शेवंती संपली, तगर संपली.

आता जो मोगरा आहे, तो त्याच जुन्या मोगऱ्याचा. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं दाबकलमाची एक फांदी नेली होती. त्यांचं घर स्टेशनच्या पलीकडे, घरच्या बोअरला थोडं पाणी टिकलेलं. २०१३चा पाऊस बरा झाला, तेव्हा श्रावणात त्या स्वतः मुळ्या फुटलेली फांदी घेऊन आल्या. "बाई, तुमचंच आहे हे," म्हणाल्या. शेवंतीची पिल्लं दुसऱ्या एका घरातून आली, आणि लिलीचे कांदे, जे मी वाटत सुटले होते, ते तर तीन ठिकाणांहून परत आले. त्या पावसाळ्यात गल्लीतली जवळजवळ प्रत्येक बाग अशी दुसऱ्याच्या अंगणातून पुन्हा गोळा झाली. पैसे कोणाकडेच नव्हते, नर्सरीत जाण्याची सोय नव्हती.

तेव्हापासून मी एक शिस्त लावून घेतली आहे. आषाढात मोगऱ्याची खालची फांदी वाकवायची, पेराजवळ साल थोडी खरवडायची, मातीत दाबून वर वीट ठेवायची. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. मग ती तोडून गल्लीच्या बाहेरच द्यायची, शेजारी नाही. एका विहिरीवर सगळी झाडं असणं बरं नव्हे. गेल्या वर्षीची फांदी भावाकडे परतूरला गेली, त्याआधीची शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मळ्यावर सोमठाण्याच्या बाजूला.

यंदा मात्र नियम मोडावा लागणार असं दिसतं. काकूंनी परवा कुंपणावरून हळूच विचारलं, एखादी फांदी शेततळ्याच्या कडेला लावता येईल का म्हणून. मी हो म्हटलं. काका तिथेच होते. नाराजीनं मान हलवत म्हणाले, "लावा. पण पाणी कवा द्याचं ते मी ठरवीन."